हेंड्रिक्स गेल्यानंतर निघालेला हेंड्रिक्स : टेपला हात कुणी लावावा?

मंद्र (धागाकर्ता)

अमेरिकन रॉक गिटारवादक जिमी हेंड्रिक्स हयात असताना त्याचे स्टुडिओ अल्बम निघाले फक्त तीन. १९६७ मध्ये 'आर यू एक्सपीरियन्स्ड' आणि 'ॲक्सिस: बोल्ड ॲज लव्ह', १९६८ मध्ये 'इलेक्ट्रिक लेडीलँड' ही दुहेरी एलपी. १९७० चा 'बँड ऑफ जिप्सीज' मैफलीतला. १८ सप्टेंबर १९७० ला लंडनमध्ये तो गेला, तेव्हा वय होतं २७. त्यानंतर ५० वर्षं उलटली तरी त्याच्या नावाने नवनवे अल्बम येतच आहेत. आज कुणी पहिल्यांदा हेंड्रिक्स ऐकायला बसला आणि स्ट्रीमिंगवर त्याचं नाव टाकलं, तर समोर जे येतं त्यातलं बहुतेक त्याने स्वतः कधी 'हे झालं, आता छापा' असं म्हटलेलंच नाही. म्हणून हा धागा.

माझं मत आधीच सांगतो, म्हणजे वाद घालायला सोपं जाईल. टेपवर जे आहे ते जसंच्या तसं ऐकवा. गाणं अर्धवट असेल तर अर्धवट ऐकवा. मागाहून कुणी काही जोडलं असेल तर त्याचं नाव आणि साल कव्हरवर छापा.

मुळात इतकी टेप आली कुठून? १९६९ मध्ये हेंड्रिक्स रात्री क्लबमध्ये वाजवायचा, तिथे जो भेटेल त्याला घेऊन न्यूयॉर्कच्या रेकॉर्ड प्लांट स्टुडिओत जायचा आणि टेप सुरू करून पहाटेपर्यंत वाजवत बसायचा. कधी त्यातून गाणं निघायचं, कधी नुसती एक रिफ, म्हणजे गिटारची फिरून फिरून येणारी छोटी सुरावट. स्टुडिओचं भाडं परवडेना, तेव्हा त्याने आणि मॅनेजर मायकल जेफरीने ग्रीनिच व्हिलेजमध्ये आठव्या रस्त्यावर स्वतःचाच स्टुडिओ बांधायला घेतला. तो इलेक्ट्रिक लेडी. उद्घाटनाची पार्टी २६ ऑगस्ट १९७० ला झाली आणि तो लगेच युरोपच्या दौऱ्यावर निघाला. परत आला नाही. म्हणजे स्वतःच्या स्टुडिओत त्याला धड एक उन्हाळा मिळाला. पण त्या उन्हाळ्यात काम जोरात चाललं होतं: 'फ्रीडम', 'डॉली डॅगर', 'एंजल', 'ड्रिफ्टिंग', 'इन फ्रॉम द स्टॉर्म'. पुढच्या अल्बमच्या गाण्यांच्या याद्या त्याने स्वतःच्या हाताने लिहून ठेवल्या होत्या. एका यादीत तीन बाजू भरल्या होत्या, चौथी ठरायची होती.

पहिला मरणोत्तर अल्बम 'द क्राय ऑफ लव्ह' मार्च १९७१ मध्ये आला. तो जुळवून तयार केला ध्वनिमुद्रक एडी क्रेमर आणि ड्रमर मिच मिचेल यांनी. दोघेही शेवटपर्यंत हेंड्रिक्सबरोबर कामात होते. कुठल्या गाण्यात तो काय शोधत होता, हे त्यांनी त्याच्या तोंडून ऐकलेलं होतं. हा अल्बम आजही सलग ऐकला तर कुणीतरी घाईने उरकलाय असं कुठेच वाटत नाही. त्यातलं शेवटचं 'बेली बटन विंडो' तर फक्त हेंड्रिक्सचं, गिटार आणि आवाज. त्यावर कुणी काही चढवलं नाही हे फार बरं झालं.

घसरण पुढे सुरू झाली. १९७१ च्याच 'रेनबो ब्रिज'वर त्याच नावाच्या चित्रपटाचं संगीत म्हणून छापलं. चित्रपटात हवाईतल्या माउई बेटावरची ३० जुलै १९७० ची मैफल आहे, अल्बमवर तिच्यातलं काहीच नाही. जवळजवळ सगळी स्टुडिओतली गाणी आहेत. गाणी उत्तम, लेबल खोटं. १९७२ च्या 'हेंड्रिक्स इन द वेस्ट'ची गोष्ट आणखी वाईट. त्यातलं 'लिटल विंग' मी वर्षानुवर्षं सॅन दिएगोचं म्हणून ऐकत होतो, कारण कव्हरवर तसंच लिहिलंय. ते प्रत्यक्षात लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधलं, २४ फेब्रुवारी १९६९ चं. तिथल्या ध्वनिमुद्रणाच्या हक्कांचा घोळ होता, म्हणून शहरच बदलून टाकलं. ज्याने ते वाजवलं त्याला विचारायची सोय नव्हती.

१९७३ मध्ये जेफरी फ्रान्सवर झालेल्या विमान अपघातात गेला आणि टेपांची जबाबदारी निर्माता ॲलन डग्लसकडे आली. १९७५ मध्ये त्याने 'क्रॅश लँडिंग' काढला. हेंड्रिक्सची गिटार आणि आवाज ठेवला, मूळ बेस आणि ड्रम बऱ्याच ठिकाणी काढून टाकले आणि न्यूयॉर्कचे भाडोत्री वादक बसवून ते भाग नव्याने वाजवून घेतले: ड्रमवर ॲलन श्वार्ट्झबर्ग, बेसवर बॉब बॅबिट, काही ठिकाणी दुसरा गिटारवादकसुद्धा. यातल्या कुणीही ती गाणी हेंड्रिक्सबरोबर वाजवली नव्हती. वर काही गाण्यांवर डग्लसने सहलेखक म्हणून स्वतःचं नाव लावलं. अल्बम अमेरिकेत पाचव्या क्रमांकापर्यंत गेला. त्याच वर्षी 'मिडनाइट लाइटनिंग' त्याच पद्धतीने आला.

मला हे अक्षम्य वाटतं. तुमचं काय म्हणणं?

---

टेपडेक

सुंदर धागा. मी ध्वनिमुद्रणाच्या धंद्यात आहे, म्हणून हे कसं करता येतं तेवढं सांगतो.

मल्टिट्रॅक टेपवर प्रत्येक वाद्याला वेगळा पट्टा मिळतो. हेंड्रिक्सची सुरुवातीची लंडनची कामं चार ट्रॅकवर झाली, 'इलेक्ट्रिक लेडीलँड'च्या वेळी न्यूयॉर्कला बारा मिळाले, पुढे सोळा. ट्रॅक जितके जास्त तितकं एकेक वाद्य सुटं करता येतं. १९६९-७० ची टेप सोळा ट्रॅकची असल्यामुळेच १९७५ मध्ये ड्रमचे पट्टे बंद करून नवा ड्रमर बसवणं शक्य झालं.

पण दोन अडचणी राहतातच. एक, सगळे एकाच खोलीत वाजवत असतील तर ड्रमचा आवाज गिटारच्या माइकमध्येही शिरलेला असतो. तो पुसता येत नाही. नव्या ड्रमच्या मागे जुना ड्रम पुसटसा वाजत राहतो. दुसरी अडचण मोठी. त्या काळी हे लोक कानात मेट्रोनोम लावून वाजवत नव्हते. हेंड्रिक्स लय पुढे ओढायचा, मिचेल त्याच्या मागे धावायचा, कधी मिचेल पुढे जायचा आणि हेंड्रिक्स मुद्दाम मागे रेंगाळायचा. पाच वर्षांनी हेडफोन लावून बसलेल्या ड्रमरला फक्त पाठलाग करता येतो. तो कितीही तयारीचा असला तरी गिटार त्याचं ऐकत नाही, कारण गिटार आधीच वाजून गेलेली आहे.

ऐकून पाहायचं असेल तर 'समव्हेअर' घ्या. १९७५ च्या 'क्रॅश लँडिंग'वर ते 'समव्हेअर ओव्हर द रेनबो' नावाने आहे, नव्या बेस-ड्रमसह. २०१३ च्या 'पीपल, हेल अँड एंजल्स'वर तेच गाणं मार्च १९६८ च्या मूळ साथीसह आहे: ड्रमवर बडी माइल्स, बेसवर स्टीफन स्टिल्स. दोन्हींत गिटार हेंड्रिक्सचीच. पण पहिल्यात ती स्वच्छ धुतलेल्या खोलीत एकटी उभी असल्यासारखी वाटते. दुसऱ्यात बडीचा बास ड्रम जड पडतो आणि गिटार त्यावर रेलते. हेडफोन लावून लागोपाठ ऐका, फरक पहिल्या मिनिटातच कळेल.

---

कोमल_रिषभ

मी ख्यालगायकी ऐकणारी, रॉक मला मुलीमुळे माहीत झालं. पण हा धागा वाचून अंगावर काटा आला.

आपल्याकडे खासगी मैफलींच्या कितीतरी कॅसेट रसिकांच्या घरातून निघाल्या. कुठे खोकला, कुठे तानपुरा उतरलेला, कुठे पहिली दोन मिनिटं गायब. कल्पना करा, कुणी बुजुर्ग गवयाचा आवाज ठेवला, मूळ तबला पुसला आणि त्या जागी आजचा एखादा तयारीचा तबलजी बसवला, का तर म्हणे ठेका जरा स्वच्छ यावा. समेवर येताना गवयाने तबल्याकडे पाहून जे केलं असेल, त्याला मग काय अर्थ उरला? कुणी असं केलं तर आपण त्याला दारात उभं करणार नाही. मंद्र, मी पूर्णपणे तुमच्या बाजूची.

---

रात्रपाळी

वाचनखूण साठवली. 'क्रॅश लँडिंग' हाच माझा पहिला हेंड्रिक्स होता, वडिलांच्या एलपींमध्ये मिळाला. आज कळतंय तो काय प्रकार होता. सुरुवातीपासून नीट ऐकायचं तर काय क्रमाने घ्यावं?

---

उलटी_स्ट्रॅट

थोडी उलट बाजू मांडतो. डग्लसला झोडपणं सोपं आहे, पण १९९४ चा 'ब्लूज' हा अल्बमही त्याचाच. हेंड्रिक्सची मुळं इतक्या स्पष्टपणे दाखवणारी दुसरी रेकॉर्ड मला माहीत नाही. त्याची सुरुवात होते 'हिअर माय ट्रेन अ कमिन'ने, डिसेंबर १९६७ मध्ये लंडनला एका चित्रीकरणासाठी बारा तारांच्या अकूस्टिक गिटारवर वाजवलेलं. उंच स्टुलावर बसलेला माणूस, पहिल्यांदा जरा अडखळतो, पुन्हा सुरू करा म्हणतो, आणि मग मिसिसिपीच्या मातीतला ब्लूज येतो. शेवटी तेच गाणं इलेक्ट्रिकवर, १९७० च्या बर्कलेच्या मैफलीतलं. एका गाण्याची दोन टोकं अशी ठेवणं हे काम संगीत कळणाऱ्या माणसाचंच. आणि त्याच अल्बममधलं 'वूडू चाइल ब्लूज' हे दोन टेक, म्हणजे एकाच गाण्याची दोन वेगवेगळी ध्वनिमुद्रणं, जोडून तयार केलेलं आहे. ते ऐकताना मला तरी कुठे फसवल्यासारखं वाटलं नाही.

आता 'द क्राय ऑफ लव्ह'कडे या. 'एंजल'वर जे ड्रम आहेत ते मिचेलने हेंड्रिक्स गेल्यानंतर वाजवलेत. 'ड्रिफ्टिंग'वरचा व्हायब्राफोनही नोव्हेंबर १९७० चा, म्हणजे तोही नंतरचा. मग १९७१ चं जोडकाम पवित्र आणि १९७५ चं पाप, हे कसं?

आणि १९९५ पासून सगळे हक्क घरच्यांकडे आहेत. २०१० चा 'व्हॅलीज ऑफ नेपच्यून' त्यांनीच काढला. त्यातल्या काही गाण्यांवर मिचेल आणि हेंड्रिक्सचा सुरुवातीचा बेसवादक नोएल रेडिंग यांनी १९८७ मध्ये नव्याने वाजवलेलं आहे, जुने मॅनेजर चास चँडलर यांच्या देखरेखीखाली. शीर्षकगीतही सप्टेंबर १९६९ आणि मे १९७० अशा दोन वेळच्या टेप जोडून झालेलं. मंद्र, तुमचा नियम इथेही लावा.

---

मंद्र

@उलटी_स्ट्रॅट, अगदी योग्य जागी बोट ठेवलंत. नियम सगळ्यांना सारखाच लागतो.

'एंजल' घेऊ. हेंड्रिक्स आणि मिचेल यांनी ते जुलै १९७० मध्ये इलेक्ट्रिक लेडीत ध्वनिमुद्रित केलं. आपले ड्रम पुन्हा वाजवायचे आहेत हे मिचेलला तेव्हाच माहीत होतं. ते काम राहिलं ते हेंड्रिक्स गेला म्हणून. ज्याने ते गाणं त्याच्यासमोर बसून वाजवलं, त्याने स्वतःचाच भाग पुरा केला. दुसऱ्या कुणाचं काही पुसलं नाही. त्या गाण्यात मिचेल झांजांवर किती हलक्या हाताने राहतो ते ऐका, आवाज येतो तिथे जवळजवळ बाजूला सरतो. ही नम्रता भाडोत्री वादकाला पैसे देऊन आणता येत नाही.

१९७५ मध्ये नेमकं उलट झालं. बडी माइल्स, बिली कॉक्स, मिचेल, रेडिंग या माणसांनी वाजवलेलं पुसलं गेलं. बेसवादक कॉक्स तर हेंड्रिक्सचा सैन्यातल्या दिवसांपासूनचा मित्र. त्यांना बाजूला सारून जे उरतं ते हेंड्रिक्सचं संगीत नव्हे, हेंड्रिक्सचा एक ट्रॅक आहे.

टेक जोडण्याला माझा विरोध नाही. हेंड्रिक्स स्वतःही ते करायचा. पण 'क्रॅश लँडिंग'वरचं 'कॅप्टन कोकोनट' घ्या. वेगवेगळ्या वेळचे तुकडे जोडून एक सलग रचना उभी केली आणि ती हेंड्रिक्सने रचल्यासारखी खपवली. तशी रचना त्याच्या डोक्यात कधी नव्हती. 'वूडू चाइल ब्लूज'मध्ये दोन्ही टेक त्याच एका गाण्याचे आहेत. फरक तिथे आहे.

'व्हॅलीज ऑफ नेपच्यून'बाबत मात्र तुमचं म्हणणं मान्य. १९८७ चे ड्रम १९६७-६९ च्या गिटारला चिकटत नाहीत. मिचेल तोच, पण मधे दोन दशकं गेली, ड्रमचा आवाज काढायची रीत बदलली. मिचेलने वाजवलं म्हणून मी ते गोड मानून घेणार नाही. मूळ टेपच द्यायला हवी होती.

---

न्यू_जर्सीकर

हक्कांची गोष्ट थोडक्यात लिहितो, कारण निर्णय कुणाच्या हातात होते ते कळल्याशिवाय अल्बमांचा गोंधळ कळत नाही.

हेंड्रिक्स मृत्युपत्र न करता गेला. वारस वडील, अ‍ॅल हेंड्रिक्स. व्यवहार वकिलांच्या हातात गेले आणि मुलाच्या संगीतावरचा ताबा त्यांच्याकडे उरलाच नाही. १९९३ मध्ये त्यांनी दावा लावला. खर्चाला मदत केली मायक्रोसॉफ्टच्या पॉल ॲलन यांनी, तेही सिअ‍ॅटलचेच आणि हेंड्रिक्सचे निस्सीम चाहते. १९९५ मध्ये तडजोड होऊन हक्क घरी आले आणि 'एक्सपीरियन्स हेंड्रिक्स' ही कंपनी निघाली. ती चालवतात जिमीची सावत्र बहीण जेनी हेंड्रिक्स. त्याच वर्षी डग्लसचा शेवटचा 'वूडू सूप' आला होता. त्यात दोन गाण्यांवर पुन्हा नवे ड्रम, म्हणजे २० वर्षांनी तेच. घरच्यांनी तो बाजारातून काढला आणि एडी क्रेमरला परत बोलावलं. अ‍ॅल २००२ मध्ये गेले. जिमीचा सख्खा धाकटा भाऊ लिऑन याला मृत्युपत्रातून वगळलं होतं, तो कोर्टात गेला आणि २००४ मध्ये हरला.

याहून जुनं दुखणं १९६५ चं. प्रसिद्धीच्या आधी हेंड्रिक्सने एड चाल्पिन या निर्मात्याशी एक डॉलर आणि एक टक्का मानधनावर करार केला होता. पुढे नाव झाल्यावर तो करार वर आला, आणि तो मिटवण्यासाठी 'बँड ऑफ जिप्सीज' कॅपिटल कंपनीला द्यावा लागला. त्याआधीच, १९६७ मध्ये, गायक कर्टिस नाइटच्या मागे वाजवलेली गाणी हेंड्रिक्सचा फोटो लावून विकली गेली होती. ती टेप घरच्यांकडे यायला २०१४-१५ उजाडलं.

साथीदारांचं काय, हे मला सर्वात जास्त टोचतं. रेडिंग २००३ मध्ये गेला, मिचेल २००८ मध्ये. त्यांच्या वारसांनी लंडनला सोनी या रेकॉर्ड कंपनीवर दावा लावला आणि २०२४ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने तो सुनावणीपर्यंत जाऊ दिला. टेपवर ज्यांचे हात वाजतात त्यांच्या घरच्यांना इतकं झगडावं लागतं.

इलेक्ट्रिक लेडी स्टुडिओ आजही चालू आहे. आठव्या रस्त्यावरून गेलात तर पाटी दिसेल.

---

मंद्र

@रात्रपाळी, क्रम असा घ्या. आधी हयातीतले चारही अल्बम. मग 'फर्स्ट रेज ऑफ द न्यू रायझिंग सन', १९९७ चा. यात १७ गाणी आहेत आणि एकही नवीन नाही: 'द क्राय ऑफ लव्ह'ची सगळी १०, 'रेनबो ब्रिज'ची ४ आणि १९७२ च्या 'वॉर हीरोज'ची ३. तरी तो घ्या, कारण हेंड्रिक्सच्या मनातल्या चौथ्या स्टुडिओ अल्बमच्या सर्वात जवळ आपल्याला इतकंच जाता येतं. मग 'ब्लूज'.

त्यानंतर 'साँग्ज फॉर ग्रूव्ही चिल्ड्रन', २०१९ चा. न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्टमधले ३१ डिसेंबर १९६९ आणि १ जानेवारी १९७० चे चारही खेळ, ४३ गाणी. 'बँड ऑफ जिप्सीज'वर त्यातली फक्त सहा होती. 'मशीन गन' वेगवेगळ्या खेळांतलं लागोपाठ ऐका. एलपीवरचं आहे १ जानेवारीच्या पहिल्या खेळातलं, बारा मिनिटांचं. बडी स्नेअर ड्रमवर गोळ्या झाडल्यासारखा ठोका धरतो, आणि सोलोच्या सुरुवातीला हेंड्रिक्स एकच सूर ताणून धरतो, सायरनसारखा, सोडतच नाही. दुसऱ्या खेळांत तोच माणूस त्याच जागी येतो आणि वेगळ्या वाटेने जातो. मरणोत्तर प्रकाशन कशासाठी असावं तर यासाठी. कुणी काही जोडलं नाही, सगळं समोर ठेवलं.

आणि २०२४ चा 'इलेक्ट्रिक लेडी स्टुडिओज' हा संच शेवटी घ्या. १९७० च्या उन्हाळ्यातलं काम, ३९ पैकी ३८ ध्वनिमुद्रणं आधी न निघालेली. गाणी माहीत झाल्यावरच त्याचा उपयोग. 'एंजल' बनताना ऐकायचं तर बनलेलं 'एंजल' आधी कानात हवं.

'व्हॅलीज ऑफ नेपच्यून', 'बोथ साइड्स ऑफ द स्काय' सवडीने. 'क्रॅश लँडिंग' वडिलांची आठवण म्हणून जपून ठेवा.

---

कोमल_रिषभ

एक विचारायचं होतं. झाकीर हुसेन यांच्याबरोबर 'शक्ती' या बँडमध्ये वाजवलेले गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन हेंड्रिक्सबरोबर वाजले होते असं मुलगी सांगते. ते ऐकायला मिळतं का?

---

टेपडेक

मार्च १९६९, रेकॉर्ड प्लांट. हो, वाजले होते. बूटलेगवर, म्हणजे चोरट्या प्रतींवर, फिरतं, अधिकृतपणे निघालेलं नाही. मॅक्लॉफ्लिन यांच्या अकूस्टिक गिटारचा पिकअप त्या रात्री खरखरत होता आणि आपलं वादन बाहेर यावं असं त्यांना वाटलं नाही. हयात कलाकाराला नाही म्हणता येतं, आणि त्याचं ऐकलंही गेलं.

---

उलटी_स्ट्रॅट

मंद्र, माउईचं राहिलं. 'लाइव्ह इन माउई' २०२० मध्ये पूर्ण आलं. पण त्या मैफलीच्या टेपवरचे ड्रम खराब आले होते, म्हणून १९७१ मध्ये मिचेलने ते इलेक्ट्रिक लेडीत बसून पुन्हा वाजवले. तुमच्या नियमात हे बसतं का? मैफलीचं ध्वनिमुद्रण आहे, आणि ड्रम मैफलीतले नाहीत.

---

मंद्र

बसतं, पण काठावर. वादक तोच, एका वर्षाच्या आत, आणि मूळ ऐकण्याजोगं नव्हतं म्हणून. मात्र कव्हरवर 'ड्रम १९७१ मध्ये स्टुडिओत' असं पुढच्या बाजूलाच हवं, आतल्या पुस्तिकेत बारीक अक्षरात नको.

मी खरी वाट पाहतोय ती 'ब्लॅक गोल्ड'ची. ग्रीनिच व्हिलेजमधल्या घरी हेंड्रिक्सने एकट्याने, गिटार आणि आवाज एवढ्यावर, एक गीतमाला कॅसेटवर भरली होती. त्या कॅसेट त्याने मिचेलला दिल्या आणि जवळजवळ दोन दशकं त्या मिचेलकडे पडून होत्या. त्यातलं 'सडनली नोव्हेंबर मॉर्निंग' हे एकच गाणं २०१० च्या 'वेस्ट कोस्ट सिअ‍ॅटल बॉय' संचात आलं. तिथे पुसायला ड्रम नाहीत, बदलायला बेस नाही. कॅसेटची खरखर असेल, मधेच थांबणं असेल, शब्द सुचेपर्यंत गुणगुणणं असेल. ते सगळं तसंच, एका संचात, ज्या क्रमाने कॅसेटवर आहे त्याच क्रमाने काढा, एवढीच मागणी आहे.

---

टेपडेक

सहमत. आणि खरखर काढायचं सॉफ्टवेअर लावू नका. खरखरीच्याच उंच सुरांच्या पट्टीत गिटारच्या तारांवरून बोटं सरकल्याचा आवाजही असतो, तो आधी जातो.